शिबिरातील एक वही



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत सहा वर्षे शिकवले. पुढे महाविद्यालयात गेलो आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. निमंत्रणपत्रिकेत आपण माझ्या नावामागे ‘डॉ.’ ही उपाधी आदराने छापली आहे. त्या उपाधीचे एक देणे मात्र याच शाळेत फेडावयाचे राहून गेले आहे. म्हणून आज वाङ्मयीन विषय न घेता एका विद्यार्थ्याविषयी बोलावे, असे ठरवून आलो आहे.

१९८१ सालचा पर्वत पाटिया आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पर्वत हे मूळ गाव. रस्त्यावरून गावाकडे वळण्याच्या जागेला गुजरातीत ‘पाटिया’ म्हणतात, त्यावरून हे नाव. तेव्हा येथे शेते होती, खाडी होती आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल होता. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची कुटुंबे पोटासाठी सुरतेस येत. पुरुष लूमच्या खात्यात पाळी करीत. बायका साड्यांचे सुटे धागे कापण्याचे काम घरी आणीत. त्यांची मुले घरात अहिराणी बोलत, रस्त्यावर गुजराती बोलत आणि शाळेत आमच्यापुढे मराठी बोलण्याचा प्रयत्न करीत.

अहिराणीत ‘माझी’ला ‘मनी’ म्हणतात आणि ‘आहे’ला ‘शे’. ही रूपे मराठीइतकीच गुजरातीशीही नाते सांगतात. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले, ते १९०७ साली. हे सारे मला तेव्हाही पुस्तकांतून ठाऊक होते. परंतु वर्गात समोर बसलेल्या मुलाच्या तोंडी तीच रूपे आली, की मला त्या केवळ चुका वाटत.

आठवीच्या वर्गाला मी ‘श्यामची आई’मधील काही भाग वाचून दाखवला होता. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यापूर्वी ते अमळनेरला, म्हणजे या मुलांच्याच मुलखात, शिक्षक होते. वाचून झाल्यावर ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. एका मुलाच्या निबंधाचा आरंभ ‘मनी माय’ या शब्दांनी झाला होता. मी तो वर्गात मोठ्याने वाचला. मुले हसली. खरे सांगावयाचे तर प्रथम मी हसलो, मग मुले हसली. निबंधावर लाल शाईने बावीस खुणा करून मी तो परत दिला. त्या दिवसानंतर तो मुलगा हजेरीला ‘उपस्थित’ म्हणे, त्यापलीकडे माझ्या तासाला एक शब्दही बोलला नाही. तो मंद आहे, अशी माझी समजूत होऊन बसली.

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही अडतीस मुलांना घेऊन उकाईला तीन रात्रींचे शिबिर केले. रेल्वेने उकाई-सोनगढला उतरलो. १९७२ साली पूर्ण झालेले ते धरण मुलांना दाखवावे, भिंतीची उंची, विजेचे उत्पादन, कालवे यांची टिपणे त्यांच्याकडून करून घ्यावीत, असा हेतू होता. मुले हरखून गेली. हा मात्र जलाशयाकडे पाठ करून बसला. रात्री शेकोटीभोवती प्रत्येकाने काही म्हणावयाचे होते. त्याची पाळी आली तेव्हा तो उठून गेला. मी चारचौघांत त्याला उद्धट म्हटले.

मध्यरात्री फेरी मारताना ओसरीवर कंदिलाशी तो काहीतरी लिहीत बसलेला दिसला. मी वही हातातून काढून घेतली. शिबिराच्या टिपणवहीच्या मागच्या पानांपासून उलट्या बाजूने त्याने ओव्या लिहिल्या होत्या. आखाजीला माहेरी जाण्याच्या, भावाची वाट पाहण्याच्या, कानबाईच्या, जात्याच्या. सगळ्या अहिराणीत, आणि आईच्या तोंडून ऐकल्या तशाच. गाव सोडताना जाते तिकडेच राहिले. इकडे पीठ गिरणीतून येऊ लागले आणि ओव्या आईच्या विस्मरणात जाऊ लागल्या. धागे कापताना तिला जी आठवे, ती हा लिहून घेई. काही ओव्यांत तिच्या माहेरच्या गावाचे नाव होते. ते गाव तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात होते आणि आम्ही दिवसभर ज्या पाण्याचे कौतुक केले, त्याच पाण्याखाली गेले होते.

मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, “सर, ह्याला लाल शाई लावू नका.”

मित्रहो, शिक्षकाच्या आयुष्यात असा क्षण आला की तो सुधारतो, असे आपण मानतो. माझे तसे झाले नाही. मी वही मागून घेतली, सुटीत अक्षरशः नकलून काढली आणि परत केली. पुढल्या वर्षी, नववी झाल्यावर, तो शाळा सोडून लूमवर गेला. आपले मुख्याध्यापक दोनदा त्याच्या घरी गेले, वडिलांशी बोलले, फीचे मी पाहतो म्हणाले. यश आले नाही, पण ते गेले होते. मी एकदाही गेलो नाही. वही माझ्यापाशी होती. मला मुलाची गरज उरली नव्हती.

१९८८ साली मला पीएच.डी. मिळाली. लोकगीतांवरील माझ्या प्रबंधात त्या ओव्यांपैकी त्रेचाळीस ओव्या आहेत. परीक्षकांनी त्याच प्रकरणाची विशेष प्रशंसा केली. तळटीप अशी आहे: ‘माहितीदार: एक खानदेशी स्त्री, सुरत.’ आणि वाचकांच्या सोयीसाठी काही रूपे मी प्रमाण केली; ‘मनी’चे ‘माझी’ केले. लाल शाई मी अशी लावली.

त्यानंतर २००७ साली माजी विद्यार्थी मेळाव्यात तो भेटला. लूमच्या सुट्या भागांचे दुकान चालवीत होता. आई वारून बरीच वर्षे झाली होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा कतारगामकडील त्याच्या घरातून ती वही गेली. मी त्याला प्रबंधाविषयी सारे सांगितले. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. त्याने इतकेच विचारले, “सर, मूळ होतं तसं कुठे आहे का?”

आहे. माझी नक्कल शाबूत आहे.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरचे एक आप्त यांनी त्यांची गाणी टिपली. ती आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर वर्षभरात, पुस्तक निघाले. त्यांची लेवा बोली कोणी शुद्ध केली नाही, म्हणून तर ती गाणी आज आपल्यापाशी आहेत. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. आमच्या माउलीलाही लिहून घेणारा मुलगा मिळाला होता. अत्र्यांच्या जागी मात्र मी होतो. मी प्रतिभा ओळखली, आणि नाव गाळले.

आज ते नाव येथे उच्चारावे, अशी माझी इच्छा होती. मुलाला विचारले. तो म्हणाला, “नाव नको सर. छापायचंच असेल तर ‘मनी माय’ असं छापा. आणि ओव्या शाळेत ठेवा.”

त्याप्रमाणे ती नक्कल मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. पहिल्या पानावर तेच दोन शब्द लिहिले आहेत. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की दरवर्षी आठवीच्या वर्गात ती उघडावी, मुलांना आपापल्या घरच्या बोलीत बोलू द्यावे आणि ऐकावे. प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. ती मुलांना हवीच आहे, तिच्याशिवाय त्यांना पुढची दारे उघडणार नाहीत. पण शिकवण्याआधी मुलाने घरून काय आणले आहे, ते विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.