पक्षाघात : धमनीतील गुठळी आणि नागपूरचे अंतर
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कापड व्यापारी. तरीही आज पक्षाघातावर बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण या व्याधीत डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच घरच्यांनी पहिल्या तासात घेतलेला निर्णय महत्त्वाचा असतो, आणि तो निर्णय तुम्हा-आम्हालाच घ्यायचा असतो.

आपण ज्याला लकवा म्हणतो, त्याच्या बहुतेक रुग्णांत मेंदूला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद झालेली असते. काहींत ती फुटून रक्तस्राव होतो. दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत आणि बाहेरून पाहून फरक ओळखता येत नाही, म्हणून सिटी स्कॅन आधी. मोठी धमनी बंद पडली तर किती हानी होते, याचा हिशेब अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला : मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी. व्यापाऱ्याच्या सवयीने मी गुणाकार केला. तासाला अकरा कोटी चाळीस लाख! असा तोटा कोणत्याही खतावणीत मी पाहिलेला नाही.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन १९९५ पासून सिद्ध झालेले आहे. ते साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. परंतु गुठळी मोठ्या धमनीत असेल तर एकटे औषध पुष्कळदा अपुरे पडते. तेथे कॅथेटरचा उपचार येतो. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत आणि तिच्यातून आणखी बारीक नळी मेंदूतील गुठळीपर्यंत नेतात. नेफ्यातून नाडी ओवताना पाहिलेल्या माणसाला हे समजणे अवघड नाही. फक्त येथे नेफा दोन-तीन मिलिमीटरचा, वळणावळणाचा आणि जिवंत असतो. गुठळीत तारेची नाजूक जाळी उघडतात, ती गुठळीला पकडते, आणि जाळीसकट गुठळी बाहेर ओढतात. काही वेळा केवळ शोषूनही घेतात.

हा उपचार एका झटक्यात मान्य झाला नाही. २०१३ मधील चाचण्यांनी निराशा केली होती. २०१५ च्या आरंभी नेदरलँड्समधील १६ रुग्णालयांतील ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : नेहमीच्या उपचाराने शंभरातील १९ जण स्वावलंबी झाले, कॅथेटरची जोड मिळालेल्यांत ३३. पुढे पाच चाचण्यांतील १२८७ रुग्णांचा एकत्रित हिशेब निघाला. त्यानुसार दर पाच रुग्णांमागे सुमारे दोघांचे अपंगत्व कमी होते. म्हणजे सर्वच बरे होतात असे नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत लाभ दिसला. मात्र ती निवड मेंदूच्या विशेष तपासणीने होते. थांबून पाहण्याची ती परवानगी नाही.

जाळीचा खर्च हा आपल्या देशातील मोठा अडसर. त्या दृष्टीने ‘सुपरनोव्हा’ या जाळीची भारतात झालेली ‘ग्रासरूट’ चाचणी आश्वासक वाटते. दिल्लीच्या एम्समधील डॉ. शैलेश गायकवाड तिचे प्रमुख अन्वेषक होते. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वापरास परवानगीही मिळाली. रुग्ण अवघे ३२, म्हणून फार मोठे दावे करू नयेत.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येतो. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला. रस्ता विक्रमी वेगाने झाला, तरी अकोल्याच्या रुग्णाला नागपूर गाठण्यास चार तास धरावेच लागतात. मग थेट नागपूर की आधी जवळचे रुग्णालय? स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात शहरांपासून दूरच्या रुग्णांवर याच प्रश्नाची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही मार्गांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. आपले अंतर पाहता माझे मत स्पष्ट आहे. आधी गावातच, जेथे चोवीस तास सिटी स्कॅन आणि इंजेक्शनची सोय आहे तेथे जावे. आणि मोठी धमनी बंद असल्याचे डॉक्टर म्हणाले, तर इंजेक्शनचा गुण येतो का हे पाहत न बसता लगेच पुढे निघावे. हृदयाची अँजिओप्लास्टी होते तेथे मेंदूचीही होतेच, असे गृहीत धरू नये. आपल्या शहरात वा नागपुरात हे काम रात्री-अपरात्री कोण करतो, याची चौकशी आजच करून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

तोंड वाकडे होणे, एका हाताचे बळ जाणे, बोलणे अडखळणे : एवढे दिसले की पुरे. घड्याळ पाहावे. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ सांगावी. तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत हवी. निर्णय घेणारी व्यक्ती बरोबर असावी. “मुलगा पुण्याहून निघाला आहे, तो आल्यावर सही करू” या वाक्याची किंमत वर सांगितलेल्या गुणाकाराने काढावी. नागौरजवळच्या बुटाटी धामावर आपल्यातील अनेकांची श्रद्धा आहे; दर्शनाला अवश्य जावे, पण उपचार झाल्यावर.

चातुर्मासात दीर्घ उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आणि विश्वस्तांना एक सूचना : नवीन दालनाच्या आराखड्याबरोबरच अमरावती, अकोला व नागपूर येथील अशा रुग्णालयांच्या दूरध्वनी क्रमांकांचा तक्ता तयार करून स्थानकाच्या व मंदिराच्या प्रवेशद्वारी लावावा, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक क्रमांकावर कोणीतरी स्वतः फोन करून तो चालू असल्याची खात्री करावी.