पडद्यावरची विद्या आणि सुईखालचा चेहरा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त वैद्यकीय शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काही दिवसांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. तालुक्याच्या गावी तिचा दवाखाना आहे. सुरकुत्या घालविणारे बोटॉक्स, ओठ-गाल भरण्याचे फिलर इत्यादी शिकविणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम तिला करावयाचा होता. "सर, घरी बसून होईल, दवाखाना बंद ठेवावा लागणार नाही. करू का?" असे तिने सरळ विचारले. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. आज ते तुमच्यापुढे देण्याचा प्रयत्न करतो.

श्रीमंतांच्या सुरकुत्यांची चिंता आपण कशासाठी वाहावी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु लग्न जमावे म्हणून, नोकरी मिळावी म्हणून हप्त्याने पैसे भरणारी माणसेही आज या दारात उभी आहेत. आणि शिकाऊ हाताखाली जो चेहरा येतो तो बहुधा श्रीमंताचा नसतो. त्याविषयी पुढे बोलेन.

दुरून शल्यविद्या शिकण्याची गोष्ट तशी जुनी आहे, आणि तिची एक विलक्षण हकीकत आपल्या पुण्याचीच आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले, असा त्यातील वृत्तान्त होता. कारागीर विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता. पत्रात त्याची जात आहे, नाव नाही. हेही आपल्या समाजाला साजेसेच झाले. ही पद्धत लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने उचलली, परंतु रुग्णावर ती प्रत्यक्ष केली 1814 साली. तत्पूर्वी त्याने ती प्रेतांवर करून पाहिली होती. छापील पानाने त्याला कल्पना दिली. हात मात्र त्याला स्वतःच घडवावा लागला, आणि तो त्याने मेलेल्या देहावर घडविला.

पडद्यावर काय शिकता येते आणि काय येत नाही, याचा निवाडा येथेच सुरू होतो. बोटॉक्सची पूड क्षारजलात किती पातळ करावयाची, एका कंपनीचे युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे युनिट नव्हे, कोणता स्नायू भुवई वर उचलतो आणि कोणता खाली ओढतो, कोणत्या रुग्णाला नकार द्यावयाचा, हे सारे पडद्यावर उत्तम शिकविता येईल. कदाचित गर्दीच्या व्याख्यानगृहातल्यापेक्षा चांगले. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही सर्वांनीच हा अनुभव घेतला. गावातल्या डॉक्टरला शहरातल्या तज्ज्ञाचे व्याख्यान मिळते, ही लोकशाहीची गोष्ट आहे. तिला मी नाक मुरडणार नाही.

आता फिलरची सुई पाहा. नाक आणि दोन भुवयांमधली जागा, येथील बारीक धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून धमनीत गेला आणि दाबाने उलटा सरकला तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. माणूस कायमचा आंधळा होऊ शकतो. अन्यत्र कातडीचा तुकडा सडतो. असे क्वचितच घडते, परंतु घडले की हाताशी फार थोडा वेळ उरतो. कातडी फटफटीत पडली आहे का, बोटाने दाबून सोडल्यावर रक्त किती वेळाने परत येते, हे त्या क्षणी ओळखावे लागते. त्यातही आपल्या सावळ्या कातडीवर हा फिकटपणा आणि जाळीदार डाग चटकन दिसत नाहीत. गोऱ्या चेहऱ्यांच्या चित्रफिती पाहून तयार झालेला डोळा येथे फसतो. लेझरचेही तसेच: सावळी कातडी त्याची ऊर्जा अधिक शोषते, आणि परदेशी चित्रफितीतले आकडे येथे जसेच्या तसे वापरले तर डाग घालविण्याऐवजी भाजल्याचे डाग पडतात. सुईच्या टोकाशी जाणवणारा विरोध तर कोणताही पडदा बोटापर्यंत पोहोचवू शकत नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत नुसते पाहून किंवा यूट्यूबसारख्या माध्यमावर पाहून सौंदर्यविषयक प्रक्रिया सुरू करण्याइतके प्रशिक्षण होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लक्षात घ्या, आयोग प्रत्यक्ष कार्यशाळेलाही सोडत नाही. वीस डॉक्टर एका खाटेभोवती माना उंचावून उभे राहिले तर तोही पडदाच झाला! म्हणून ऑनलाइन की समोरासमोर, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. किती वेळा तुम्ही स्वतः सुई धरलीत, आणि त्या वेळी तुमचा हात थांबविण्याचा अधिकार असलेला कोणी शेजारी उभा होता का, हे विचारले पाहिजे.

यातूनच अवघड भाग निघतो. हात घडवावयाचा तर कोणाचा तरी चेहरा हवा. खाजगी वर्ग त्यासाठी फुकट किंवा अर्ध्या दरात 'मॉडेल' मिळवितात. ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी मुलगी, दवाखान्यातली मदतनीस, कोणाची तरी गरजू नातेवाईक. तिच्याकडून सही घेतली जाते. पण सुई धरणारा आज पहिल्यांदाच धरतो आहे, हे तिला तिच्या भाषेत सांगितले जाते का? पुढे गाठ आली तर कोणाकडे जावयाचे, खर्च कोणी करावयाचा? बरे, या 'मॉडेल'च्या नावावर ऑनलाइन अभ्यासक्रम तरी निर्दोष सुटतो, असेही नाही. तो फक्त ही मुलगी नजरेआड करतो. प्रमाणपत्र घरी येते आणि पहिली चूक गावातल्या पहिल्या गिऱ्हाइकावर होते, तेही पूर्ण दर घेऊन.

माझ्या विद्यार्थिनीला मी आता असे सांगेन: बाई, व्याख्याने ऑनलाइन खुशाल ऐक. पण ते प्रमाणपत्र भिंतीवर लावू नकोस. त्वचारोग आणि प्लॅस्टिक सर्जरी या शाखांत या प्रक्रिया मुळापासून शिकविल्या जातात. तेथील जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली शिकावयास मिळाले तरच पुढे जा, नाही तर रुग्णाला त्यांच्याकडे पाठव. दवाखाना काही आठवडे बंद राहील, तुझे उत्पन्न बुडेल, हे मला कळते. म्हणूनच हे प्रशिक्षण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, माफक फीमध्ये आणि रुग्णाच्या पुढील उपचाराची हमी घेऊन मिळाले पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

तोवर एक काम तुम्हा कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे आहे. वस्तीतली एखादी मुलगी फिलर घ्यावयास निघाली तर तिची थट्टा करू नका. तिला एवढेच शिकवा, की खुर्चीत बसण्यापूर्वी विचारायचे: हायल्युरोनिक आम्लाचा फिलर विरघळविणारे हायल्युरोनिडेज तुमच्या कपाटात आहे का? असेल तर बाटली दाखवा, आणि तिच्यावरची तारीखही वाचू द्या.