गोड खाल्लं पोराने, बोल लागले आईला

(नांदगाव येथे बचतगटातल्या महिला, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, "ताई, पाकिटातलं गोडधोड खाऊन पोरं पिसाटतात, हे खरं का?" मी घाईत होते, गाडी गाठायची होती. "खरंच आहे" म्हणाले आणि निघाले. घरी जाऊन वाचायला बसले, तेव्हा कळलं की मी चुकीचं सांगून आले. ते उत्तर आधी मागे घेते.

आणि मागे घेण्याचं कारणही सांगते. आमच्याकडे सल्ल्यासाठी एक बाई आली. कांद्याच्या कामाला जाणारी. मुलगा दुसरीत. शाळेतून तक्रार, की एका जागी बसत नाही, पोरांना मारतो. सासू म्हणते, हिनेच बिस्किटं चारून पोरगं बिघडवलं. एक दिवस नवऱ्याने बिस्किटाचा पुडा तिच्या तोंडावर फेकला आणि वर हातही उचलला. ती मला विचारत होती, "ताई, माझंच चुकलं का हो?" म्हणजे मी इथे सहज दिलेलं 'हो' कुणाच्या तरी पाठीवर वळ उठवू शकतं.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. साखरेने मूल चेकाळतं ही समजूत अमेरिकेतही घट्ट रुजलेली होती. म्हणून तिथे वोलराइच नावाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास केला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना नऊ आठवडे सगळं खाणं पुरवलं. तीन आठवडे साखरेचं, तीन आठवडे अस्पार्टेमचं, तीन आठवडे सॅकरिनचं. कधी काय आहे ते आईबापांना ठाऊक नव्हतं. यातली काही मुलं तर "याला साखर सोसत नाही" असं घरच्यांनीच सांगितलेली होती. पण वागण्यात, लक्ष लागण्यात फरक दिसला नाही. पुढच्या वर्षी असे २३ प्रयोग एकत्र करून पाहिले, निष्कर्ष तोच. एखाद्या मुलावर थोडाफार परिणाम होतच नसेल असं नाही, पण सर्वसाधारणपणे साखरेने मूल उधळत नाही.

१९९४ सालचाच आणखी एक प्रयोग आहे, तो मला फार बोलका वाटतो. पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे आणि त्यांच्या आया. सगळ्या मुलांना बिनसाखरेचंच दिलं. पण निम्म्या आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला साखर दिली आहे. झालं! त्या आयांना मुलगा जास्तच वळवळ्या वाटायला लागला. त्या त्याच्या जवळजवळ राहिल्या, त्याला जास्त टोकलं. मूल होतं तेच, बदलली होती आईची नजर. ही नजर तिला कुणी दिली, हे आपण विचारायला हवं. पोर वाईट निघालं तर आईमुळे, हे ऐकतच आपण मोठ्या झालो.

आणि हो, प्रयोगात मुलगेच होते. आपल्याकडेही "जास्तच चंचल आहे हो" ही तक्रार मुलाची येते. मुलगी चुळबुळ करायला लागली की तिच्या हातात केरसुणी देतात.

मग पाकीटवाल्यांना सोडून द्यायचं का? मुळीच नाही. दोष दुसरीकडे आहे.

एक म्हणजे रंग. २००७ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला सुमारे ३०० मुलांवर प्रयोग झाला. कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिल्यावर काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. सगळ्यांची नाही, आणि सारखीही नाही. तरी युरोपात २०१० पासून असे सहा रंग घातलेल्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो, की याने मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन आपल्याकडे चालतात. पाकिटावर निदान बारीक अक्षरांत लिहिलेलं तरी असतं. गोळ्याच्या गाडीवरच्या लाल-पिवळ्या बाटल्यांत काय आहे, सॅकरिन किती आहे, कोण तपासतं? कोलामध्ये कॅफीन असतं, तेही मुलांची झोप उडवतं.

दुसरं म्हणजे पोट. ३०० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर फार तर एवढीच चालेल, निम्मी झाली तर उत्तम. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला. दात किडतात, भाकरीची भूक मरते. त्या बाईच्या मुलाचं खाणं आम्ही लिहून काढलं. सकाळी चहा-बिस्किट, कारण आई सातला कामावर. दुपारी शाळेतली खिचडी. संध्याकाळी बाप दहा रुपये देतो, त्याचा गोळा नाहीतर बॉबी. रात्री मोबाइल बघत अर्धी पोळी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. लोह कमी पडलेलं मूल किरकिरं होतं, त्याचं लक्ष लागत नाही. आणि जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय होता. त्याच्या आधीच्या पाहणीत तो आकडा ५४ होता. सासूबाईंना हे कुणी सांगितलं होतं का? आणि ते दहा रुपये देणाऱ्या बापाला कुणी काही विचारलं? पुडा आईच्या तोंडावर आला, कारण स्वयंपाकघर तिचं.

(इथे काहीजणी गूळ चांगला असं म्हणतील. चवीला चांगला, पण तीही साखरच. गुळाच्या नावाने जास्तीचं खपवू नका.)

कंपन्या काय करतात तेही बघा. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्वित्झर्लंडच्या संस्थेने दाखवून दिलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर घातलेली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या देशात तेच बिनसाखरेचं मिळत होतं. गोडाची चटक कुठून लागते? सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीपासून.

करायचं काय? २०२० च्या नियमांप्रमाणे जादा साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आम्ही एका शाळेबाहेर दोरीने मोजलं. दोन टपऱ्या आत आल्या. एक टपरी आपल्याच गटातल्या बाईची, गटाच्या कर्जातून घातलेली, तीन लेकरं तिच्यावर. दोरी माझ्या हातात होती आणि मला काय बोलावं सुचेना. अर्ज अजून दिलेला नाही. तिला म्हटलं, फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी ठेव. ती म्हणाली, "ताई, अंड्यावर किती सुटतं आणि बॉबीवर किती सुटतं, आधी हिशोब करा." आम्ही तो हिशोब करतो आहोत. गटाने तिचे दोन हप्ते पुढे ढकलावेत असं माझं मत आहे, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

ती मुलाची आई सध्या सकाळी जाताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झाकून ठेवते. वाढायचं काम बापाकडे दिलं आहे. तो चार दिवस वाढतो, दोन दिवस विसरतो. मुलाला लोहाचं औषध सुरू आहे. शाळेतल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. त्याला आता तज्ज्ञांकडे नेणार आहोत, कारण काही मुलांची चंचलता मुळातलीच असते, त्यात ना बिस्किटाचा दोष, ना आईचा.

बोलायचं होतं ते बोलले. मागे बसलेल्या आजींचा हात मघापासून वर आहे. बोला आजी.