कौल पावसाचे आणि कौल उन्हाचे
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अहमदाबादकर मराठी बंधू-भगिनींनो,

गणपतीच्या मांडवात कौलांवर भाषण, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुळे कोकणात किंवा देशावर आहेत. आपल्या मनातले कौल हे पावसाचे कौल आहे. पाणी वळचणीला नेऊन सोडणे हे त्याचे काम. इथे पाऊस थोडा आणि ऊन फार. त्यामुळे इथल्या कौलाचे पहिले काम ऊन अडवण्याचे. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तोही महागात पडून.

२००९ साली मी घरावर एक खोली चढवली. उतरता स्लॅब घातला आणि त्यावर चॉकलेटी रंगाची काँक्रीटची कौले बसवली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, कौले लागली की खोली थंडगार." त्याने ती स्लॅबवर थेट सिमेंटच्या मालात बसवून दिली. दिसायला बंगला झकास झाला. मी स्वतः अभियंता, पण आयुष्य कारखान्यातल्या यंत्रांत गेले. मी काही विचारले नाही. खोली वडिलांना दिली.

पुढचा मे महिना तुम्हाला आठवत असेल. २१ मे २०१० रोजी आपल्या शहरात ४६.८ अंश तापमान नोंदवले गेले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. रात्री पंख्याखाली झोपायचे, आणि पंखा छताची गरम हवाच खाली ढकलायचा. एका सकाळी ते चहाला खाली आले नाहीत. वर गेलो तर अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. चार दिवस रुग्णालयात काढून, देवाच्या कृपेने, ते घरी आले. मला मात्र एकच प्रश्न छळत राहिला. दिवसभर ते खाली बैठकीत असत. मग ऊन लागले कुठे? उत्तर होते, रात्री, त्यांच्या खोलीत.

याचे कारण सोपे आहे. कर्कवृत्त आपल्या शहराच्या थोडे उत्तरेकडून जाते. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भिंतींपेक्षा छपरावर ऊन जास्त पडते. गडद रंग त्यातला बहुतेक भाग शोषून घेतो. कौल मालात घट्ट बसवलेले असेल तर ती उष्णता सरळ स्लॅबमध्ये उतरते. काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाशच निवते. म्हणजे दुपारी गिळलेले ऊन ते रात्री झोपलेल्या माणसाच्या अंगावर ओकते.

हेच कौल रिपांवर बसवले तर गोष्ट बदलते. कौल आणि स्लॅब यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते. तापलेली हवा वर चढते आणि आढ्याकडून निघून जाते, वळचणीकडून दुसरी हवा आत येते. कौल स्वतः तापते, पण स्लॅब त्याच्या सावलीत राहतो. आणि कोरड्या प्रदेशात रात्री आकाश निरभ्र असते, त्यामुळे पातळ कौल सूर्यास्तानंतर लवकर निवते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनेही कौलाखालच्या या वाहत्या हवेचा उपयोग अभ्यासला आहे. आपल्या पोळांतल्या जुन्या घरांवर नळीची कौले लाकडी सांगाड्यावर रचलेली असत. फटींतून हवा खेळत असे. वानरांनी उड्या मारून ती फोडली की दरवर्षी शाकारणी करावी लागे, एवढाच त्रास. काँक्रीटचे कौल जड, एकमेकांत अडकणारे, ते सहसा हलत नाही. हा त्याचा खरा गुण.

त्याच हिवाळ्यात मी ती कौले उखडली. निम्मी फुटली. नवी फिक्या रंगाची आणली, रिपांवर बसवली, वळचणीला आणि आढ्याला हवेसाठी जागा ठेवून खारी-पाखरे शिरू नयेत म्हणून जाळी लावली. खोली थंडगार झाली असे मी म्हणणार नाही. मे महिना मे महिनाच असतो. पण रात्री छताला हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसेना. आप्पा पुन्हा वर झोपू लागले.

एक सावधगिरीची सूचना. काँक्रीटच्या कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ४५ ते ५० किलो भरते. पन्नास चौरस मीटर छपरावर हे दोन-अडीच टन झाले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात आपल्या शहरातल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, ते आपण विसरू शकत नाही. तेव्हा जुन्या घरावर कौले चढवण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकार अभियंत्याला दाखवा.

फ्लॅटमध्ये राहणारे म्हणतील, आम्हाला कौले कुठली? त्यांच्यासाठी गच्चीवर पांढरा चुना किंवा चायना मोझेक आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या शहरातल्या 'संगाथ' या कार्यालयाच्या कमानी छपरांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले, ते पाहून या. महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आणला, आणि २०१७ पासून वस्त्यांतल्या छपरांना चुना लावण्याचे कामही हाती घेतले. चुन्याला खर्च थोडा, मेहनत एका रविवारची. फक्त तो पावसात धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो.

माझी मंडळाला एक विनंती आहे. होळीनंतरच्या एका रविवारी आपल्या तरुणांनी चुन्याच्या बादल्या घ्याव्यात आणि ज्या सभासदांच्या घरी वृद्ध माणूस वरच्या मजल्यावर झोपतो, त्या गच्च्या आधी रंगवाव्यात. यादी करायला मी तयार आहे. आणि आज घरी गेल्यावर रात्री दहा वाजता आपल्या आई-वडिलांच्या खोलीत उभे राहा, छताकडे हात करा. मी ते एक वर्ष उशिरा केले.

गणपती बाप्पा मोरया!