कोयीचा आंबा आणि त्याचें कलम

मराठींतला 'कलम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कारकुनाच्या हातीं तो लेखणी होतो, वकिलाच्या तोंडीं कायद्याचा एक तुकडा होतो, आणि माळ्याच्या चाकूखालीं एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या अंगावर जगूं लागली कीं तिलाही आपण कलमच म्हणतों. मला आज या तिसऱ्या कलमाविषयीं बोलावयाचें आहे. पण बोलतां बोलतां दुसऱ्याचीही गांठ पडल्याशिवाय राहणार नाहीं, असा रंग दिसतो.

पिंपरी-चिंचवड म्हटलें कीं डोळ्यांपुढें कारखान्यांचे पत्रे, मालमोटारींच्या रांगा आणि पाळी सुटल्यावरची गर्दी येते. पवनेच्या कांठचें मोरया गोसाव्यांचें चिंचवड शांतपणें बसलें होतें. शेजारीं १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याच दशकांत टेल्को आली, आणि १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडी-आकुर्डीच्या माळावर आंखीव पेठा पडल्या. या हकीकतींत झाडांना जागा कोठें, असें कोणी विचारील. पण टेल्कोचे सुमंत मूळगांवकर यांनीं यंत्रांच्या बरोबरीनें झाडांचा आणि तळ्याचाही आग्रह धरला होता, हें पुष्कळांस ठाऊक आहे. तें झालें मोठ्या प्रमाणावर. लहान प्रमाणावर तेंच काम प्राधिकरणांतल्या बैठ्या घरांनीं केलें. कोंकणांतून, खानदेशांतून, मराठवाड्यांतून नोकरीसाठीं आलेल्या गृहस्थानें कर्ज काढून चार खोल्या बांधल्या, पुढें तुळस आणि जास्वंद लावली, मागें शेवगा आणि कढीलिंब लावला, आणि मे महिन्यांत पेटींतला शेवटचा आंबा खाऊन झाल्यावर त्याची कोय कुंपणाच्या कोपऱ्यांत पुरली. ती कोय आज ४० वर्षांची झाली आहे, आणि तिच्या सावलींत दोन मोटारी उभ्या राहतात.

आतां या बैठ्या घरांवर मजले चढत आहेत. त्याला माझा विरोध नाहीं. मुलें वाढलीं, संसार वाढले, जमीन तेवढीच राहिली. मग जुनें घर पाडून उंच इमारत होणें ओघानें आलेंच. नकाशावर स्वयंपाकघर कोठें, वाहनें कोठें, पाण्याची टाकी कोठें, सर्व ठरतें. आंब्याचें मात्र शेवटच्या दिवशीं ठरतें, आणि बहुधा एकाच तऱ्हेनें ठरतें. अशा वेळीं, "एक झाड गेलें तर दहा लावूं", असें आपण एकमेकांचें समाधान करितों. शेवग्याच्या बाबतींत तें कदाचित् खरेंही ठरेल. कोयीच्या आंब्याच्या बाबतींत तें मुळींच खरें नाहीं, आणि तें कां, हेंच मला सांगावयाचें आहे.

आंब्याची आई ठाऊक असते, बाप ठाऊक नसतो. मोहरावर माशा आणि लहान कीटक बसतात, ते कोणत्या झाडाचा पराग कोणत्या फुलावर नेऊन टाकतील याचा नेम नसतो. आपल्याकडच्या आंब्यांच्या कोयींत एकच गर्भ असतो, आणि तो या संबंधांतून जन्मलेला असतो. म्हणून हापुसाची कोय पुरली तरी हापूस उगवत नाहीं. उगवतो तो त्या हापुसाचा मुलगा. आणि मुलगा बापासारखा निघेलच असें माणसांतही कोणी लिहून देत नाहीं. तो आंबट निघेल, धागेदार निघेल, किंवा असा निघेल कीं वाटीभर रस काढल्यावर घरांतल्या मंडळींनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें. यालाच आपण रायवळ म्हणतों. गांवोगांव त्यांना शेपू, खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या अशीं नांवें पडलीं, तीं जातींचीं नांवें नव्हतीं. तीं एकेका झाडाचीं नांवें होतीं. तसें झाड दुसरें कोठेंच नसतें. तें पडलें कीं ती चव गेली, आणि तिच्या शंभर कोयी पुरल्या तरी परत यावयाची नाहीं.

एकेका झाडाची ओळख ठेवणें आमच्या या मुलखाला नवें नाहीं. आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशीं अजानवृक्ष आहे, देहूस तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या जागीं नांदुरकी आहे. भाविक माणूस 'एक वृक्ष' पाहावयास जात नाहीं; तो 'तो' वृक्ष पाहावयास जातो. परसांतल्या आंब्याला एवढा मान मिळणार नाहीं, मिळूंही नये. परंतु तोही 'तो' आहे, एवढें ध्यानांत घ्यावें.

मग हापूस इतका सर्वत्र कसा झाला? कलमानें. सोळाव्या शतकांत गोव्यांतल्या पोर्तुगीज जेसुइटांनीं आंब्याच्या कलमांना चालना दिली असें सांगतात, आणि 'हापूस' या नांवांत अल्बुकर्कचा आफोंसो अजून दडलेला आहे. कोणे एके काळीं एका झाडाला तें फळ धरलें. पुढचे सारे हापूस त्याचाच देह काडी-काडीनें दुसऱ्यांच्या पायांवर उभा आहे. जें त्या झाडाच्या बाबतींत घडलें तें आपल्या कुंपणाकडेच्या झाडाच्या बाबतींत घडवून आणण्यास एक धारदार चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि थोडी चिकाटी पुरते.

पूर्वींचे माळी भेट कलम करीत. मूळ झाडाला मांडव बांधावा, रोपाची कुंडी त्यावर चढवावी, रोपाच्या आणि फांदीच्या अंगाची साल तासून दोघांना मिठी मारवावी, आणि दोन-तीन महिने पाणी घालीत बसावें. हातखंडा काम, पण दगदगीचें. अलीकडे घरगुती माणसाला सोपें पडतें तें कोय कलम. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ही पद्धत नीट बसवून कोंकणांत घरोघर पोंचविली.

तिची रीत अशी. जूनमध्यें कोणत्याही रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी वाळू आणि खतमातीच्या वाफ्यांत पेराव्या. कोय जुनी होऊं देऊं नये. महिनाभर कपाटावर पडलेली कोय बहुधा रुजत नाहीं. रोप वर येऊन १०-१५ दिवसांचें झालें, पानें अजून तांबूस आणि लुसलुशीत आहेत, तोंवरच काम उरकावें. इकडे मूळ झाडावर उन्हांतली, तीन-चार महिन्यांची, न मोहरलेली, रोपाच्या देठाएवढ्या जाडीची काडी हेरून ठेवावी. तोडण्यापूर्वीं आठ-दहा दिवस तिचीं पानें देठाचा थोडा भाग ठेवून कापावीं, म्हणजे टोंकाचा डोळा फुगूं लागतो. हा फुगलेला पण न फुटलेला डोळा म्हणजे अर्धें यश. रोप कोयीपासून ७-८ सेंटिमीटरवर छाटावें, मधोमध ४-५ सेंटिमीटर खोल चीर द्यावी, काडीचें टोंक दोन्ही बाजूंनीं तासून पाचरीसारखें करावें आणि चिरेंत बसवावें. साल आणि लाकूड यांच्यामध्यें एक ओलसर हिरवट थर असतो. सांधा जुळतो तो त्याच्या बळावर. तेव्हां निदान एका बाजूस साल सालीला अचूक भिडली पाहिजे. वर पट्टी घट्ट गुंडाळावी, पिशवींत रोप लावावें, काडीवर प्लॅस्टिकची टोपी चढवावी आणि सावलींत ठेवावें. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. दहा बांधावीं, नवशिक्याचीं चार लागलीं तरी उत्तम झालें म्हणावें.

येथें एक इशारा. सांध्याच्या खालून जो फुटवा येतो तो खालच्या रोपाचा असतो आणि स्वभावानें जोमदार असतो. त्याचें कौतुक करीत बसलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. वरची काडी वाळून गेली तरी मंडळी पाणी घालीत असतात. असा फुटवा दिसतांच खुडावा, आणि लावतांना सांधा मातीखालीं जाऊं देऊं नये. कलमाची काडी वयानें प्रौढ असल्यामुळें पिशवींतच मोहर येण्याचा संभव असतो. पहिलीं तीन वर्षें तो काढून टाकावा. हें सांगण्यास सोपें, करण्यास फार कठीण आहे, विशेषतः घरांत नातवंडें असल्यास.

सर्वच झाडांना एवढी यातायात नको. डाळिंबास आणि पेरूस पावसाळ्यांत गुटी बांधली कीं काम होतें. कागदी लिंबू बियांपासूनही बरेंचसें आईवर जातें. चिकूचें कलम मात्र खिरणीच्या रोपावर बांधतात, आणि रानांतल्या त्या कणखर मुळ्यांवर तो सुखानें नांदतो. नव्यानेंच आंबा लावणारांनीं देशावर हापुसाचा हट्ट धरूं नये. केसर येथें अधिक रुळतो. अंगण फारच लहान असल्यास आम्रपाली ही दशेरी आणि नीलम यांच्या संकराची ठेंगणी जात बघावी. आणि झाड जोमदार पण फळ बेचव असेल तर उलटा उपायही आहे: खोड छाटावें, नवे धुमारे येऊं द्यावे आणि त्यांवर चांगल्या जातीची काडी बांधावी.

आतां वकिलाच्या कलमाकडे. शहरी हद्दींत झाडांच्या संरक्षणाचा १९७५ सालचा राज्याचा कायदा आहे, आणि झाड स्वतःच्या आवारांतलें असलें तरी परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षें आणि त्याहून जुन्या झाडास वारसा वृक्ष ठरविलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन आणलें. कायदा हेतूनें चांगला आहे. परंतु तो झाडें मोजतो. चव मोजण्याचें साधन त्याच्यापाशीं नाहीं. ४० वर्षांच्या रायवळाबद्दल ४० रोपें रस्त्याकडेला उभीं राहिलीं, तर कायदा तृप्त होईल आणि आजोबांचा आंबा नाहींसाच होईल.

म्हणून ज्यांच्या घराचा नकाशा मंजुरीस गेला आहे, किंवा जावयाचा आहे, त्यांनीं हा पावसाळा वायां दवडूं नये. इमारत होईपर्यंत दोन-तीन वर्षें जातात. तेवढ्यांत पिशवींतलें कलम कमरेएवढें होतें. एकच करून थांबूं नये. एक नव्या आवाराच्या मोकळ्या जागेंत, मलनिःसारणाच्या नळापासून आणि भिंतीपासून चांगलें दूर, तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन लावावें. मुरूम लागला तर तो उपसून चांगली माती भरावी. एक मावळांतल्या किंवा खेड-चाकणकडच्या नातलगाच्या शेतावर द्यावें. एक शेजाऱ्याला द्यावें, कारण वर्षानुवर्षें कुंपणापलीकडच्या कैऱ्या त्याच्याच लोणच्यांत पडत आल्या आहेत आणि त्या झाडावर त्याचाही थोडा हक्क आहे. पिशवीवर खडूनें लिहूं नये, पावसांत पुसतें. पत्र्याच्या चकतीवर झाडाचें नांव कोरून तारेनें अडकवावें. नांव नसेल तर या जूनमध्यें, पहिला पाड उतरून आढी घातल्यावर, घरांतल्या सर्वांनीं बसून तें ठरवावें.