क्वोलचे पुनरागमन



मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. प्राणिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग माझ्या वाचनात आला आणि तो मला स्वस्थ बसू देईना, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवतो, हे आपण जाणतो. अशा शिशुधानी प्राण्यांपैकीच क्वोल हा एक छोटा शिकारी. मांजराहून लहान, नराचे वजन सव्वा किलोच्या आसपास, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. त्यातला पश्चिमी क्वोल एके काळी खंडाच्या सुमारे ७० टक्के भागात होता. पुढे फक्त नैऋत्य कोपऱ्यात उरला. जमीन साफ झाली हे एक कारण. दुसरे, वसाहतवाल्यांनी आणलेली मांजरे आणि शिकारीच्या करमणुकीसाठी आणलेला युरोपातला तांबडा कोल्हा. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतरांगांत तर शंभराहून अधिक वर्षे क्वोल नव्हता. तेथील मूळ रहिवासी अदन्यामथान्हा लोक त्याला 'इडन्या' म्हणतात. भाषेत शब्द होता, डोंगरात प्राणी नव्हता.

२०१४ च्या एप्रिलमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून क्वोल आणून या डोंगरांतील राष्ट्रीय उद्यानात सोडले. भोवती कुंपण नाही! कुंपण का घातले नाही, असे कोणी विचारील. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कुंपण म्हणजे लॉकर. वस्तू सुरक्षित राहते, पण तेथेच राहते. त्याच राज्यात रॉक्सबी डाउन्सजवळ १२३ चौरस किलोमीटरचे कुंपण घातलेले क्षेत्र आहे. तेथे बेटाँग नावाचे प्राणी वाचले, वाढले, इतके वाढले की झाडोरा खाऊन फस्त करू लागले. आणि शत्रू न पाहिलेल्या पिढ्या भिणेच विसरतात. म्हणून डॉ. कॅथरिन मोझबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम काही बेटाँगांच्या आवारात थोडी मांजरे राहू दिली. भीतीचीही शिकवणी लागते, हे मला नवीन होते.

फ्लिंडर्समध्ये पूर्वतयारी मोठी होती. १९९२ पासून तेथे कोल्ह्यांसाठी विषारी आमिषे टाकली जात होती, विमानातूनसुद्धा. '१०८०' नावाचे हे विष. गंमत अशी की नैऋत्येकडच्या काही झाडाझुडपांत हेच विष निसर्गतः असते. त्यामुळे तिथले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ते बऱ्यापैकी पचवू शकतात. बाहेरून आलेला कोल्हा मात्र मरतो. कोल्हे जवळजवळ संपले. पण मांजर आमिषाला सहसा तोंड लावत नाही, त्याला जिवंत भक्ष्य लागते. गळ्यात रेडिओपट्टा बांधलेले क्वोल एकामागून एक मेलेले सापडू लागले. मारेकरी मुख्यतः रानमांजरे. मग पिंजरे लावले, बंदुका आल्या. त्याच वर्षी क्वोलची पिल्लेही जन्मली. पुढच्या दोन वर्षांत आणखी क्वोल आणून सोडले.

आता आपल्यापैकी कोणाच्या मनात पहिले शील आले असेल. माझ्याही आले. एका जिवासाठी दुसऱ्याला विष घालायचे? कोल्हा आपण होऊन समुद्र ओलांडून आला नाही, माणसाने आणला. तेव्हा हात आखडून बसलो तरी क्वोल मरणारच, आणि तेही माणसाच्याच करणीने. मला विष टाकणाऱ्यांची बाजू पटते; पण ते विष कोल्ह्याला वेदना देऊन मारते, हे वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवले होते, हेही सांगायला हवे.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. वॉयली नावाचा दुसरा शिशुधानी प्राणी कोल्हे आटोक्यात येताच सावरला. १९९६ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढले. काही वर्षांतच त्याची संख्या सुमारे ९० टक्के घटली आणि नाव पुन्हा यादीत घालावे लागले. फ्लिंडर्समध्ये कुंपण नाही, त्यामुळे आमिषे थांबली की बाहेरचे कोल्हे आत येणारच.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे.