उंबरठ्यावरची विचारणा

पूर्वी गावाला वेस असे. वेशीवर एकदा ओळख पटली, की आत कुठेही फिरा. कचेऱ्यांचे संगणकही तसेच राखले जात. घरून काम करणाऱ्याला व्हीपीएनची वाट दिली, की तो वेशीच्या आत.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीत चोर याच वाटेने शिरले. एक जुने, वापरात नसलेले खाते; त्याला केवळ परवलीच्या शब्दाचे कुलूप. कंपनीने खबरदारी म्हणून इंधनवाहिनीच थांबवली. ती पाच दिवस बंद राहिली, पंपांवर रांगा लागल्या आणि ७५ बिटकॉइनची खंडणी मोजावी लागली.

आता पहारा इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडमध्ये बसवतात. माणूस सोलापुरात असो वा दुबईत, प्रत्येक दालनाच्या उंबरठ्यावर विचारणा होते: आपण कोण, कोणत्या यंत्रावरून आलात, काय हवे? हिशेबनिसाला हिशेबाचेच दालन उघडते. जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये याला 'झिरो ट्रस्ट' हे नाव रूढ केले.

शून्य विश्वास! कानाला कठोर वाटते. पण परवलीचा शब्द चोरीला गेला, तर संशय घरून राबणाऱ्या प्रामाणिक माणसावरच येतो. ही विचारणा त्यालाही वाचवते.

तेव्हा धंदेवाईक मित्रांनो, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आजच बंद करा. आणि परवलीच्या शब्दाला दुसऱ्या ओळखखुणेची जोड द्या.